मायाप्पा तात्यांनी मेंढरं बसवली

शाळेत शिकवायला निघायच्या गडबडीत होते, तेवढ्यात गावाकडून धोंडीदादाचा फोन आला. "सुमे, तात्या गेलं..." माझ्या भावाच्या आवाजामागून माळावरचा वारा ऐकू येत होता. काय झालं, कसं झालं, मी विचारत राहिले. व्हायचं काय, तो म्हणाला, मेंढरं चरायला बाहेर पडलेली बघितली, दारातल्या दगडावर उन्हाला बसले, आणि सुनबाई चहा घेऊन आली तेव्हा नव्हते. शंभरीच्या उंबऱ्यावरचा माणूस. ना दवाखाना, ना सलाईन, ना कुणाला हाक. माधवनगरहून आटपाडीची एसटी धरली आणि खिडकीशी बसले. मला रडू आलं नाही, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. हरून गेलेल्या माणसासाठी जीव तुटतो. आमचे तात्या जिंकून गेले होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट आली. 'अहिंसेचा पुजारी हरपला' असा मथळा, आणि खाली तात्यांचा टोपीतला जुना फोटो. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, पण पुजारी हा शब्द काही माझ्या गळी उतरला नाही. तात्यांनी कशाचीच पूजा केली नाही. ते मेंढपाळ होते. जे काही मोठं त्यांनी केलं ते मेंढपाळाच्या अकलेनं केलं, आणि ते कसं, हे सांगणारं आमच्या घरात शिकलेलं माणूस मीच. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढून पदवी घेतलेली पहिली मी, हे मी मिरवूनच सांगते. म्हणून महिना उलटून गेल्यावर, घरातली वर्दळ ओसरल्यावर, हे लिहायला बसले आहे.

मायाप्पा तात्या माझ्या आज्याचे धाकटे भाऊ. पण ते साऱ्या गावाचे तात्या, आणि आमच्याकडच्या पन्नाशीच्या पुढच्या माणसांचेही तात्याच. आमचा भाग कोरडा. पावसाचे ढग वरच्या अंगाला, साताऱ्याच्या डोंगरात रिकामे होऊन यायचे, आणि आमच्यावरून नुसती सावली फिरवून जायचे. दिवाळी झाली की माळावरचं गवत संपायचं आणि आमची माणसं मेंढरं, घोडी, कोंबड्या, लेकरं सगळं घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात उतरायची. तिथले शेतकरी वाट बघत असायचे. "आमच्या रानात मेंढरं बसवा" म्हणून निरोप यायचे. कळप एखाद-दुसरी रात्र रानात बसला की लेंडीखतानं ते रान पुढच्या पिकाला उभारी धरतं. त्याच्या बदल्यात रानमालकानं मेंढपाळाच्या चुलीला दाणे द्यायचे. हा व्यवहार कुणी लिहून ठेवलेला नाही आणि कुणी मोडलेलाही नाही. तात्यांचा जन्म अशाच एका वाटेवर झाला, कऱ्हाडच्या बाजूला, परक्याच्या बांधावर. रानमालकिणीनं बाळंतिणीला तूप-भात आणून दिला होता, ही गोष्ट तात्या शेवटपर्यंत कालची असल्यासारखी सांगायचे. त्या बाईला त्यांनी कधी बघितलंही नव्हतं, पण उपकार मात्र ध्यानात ठेवला.

आमचं गाव तेव्हा औंध संस्थानात. राजानं गावांचा कारभार गावांच्याच हाती सोपवला होता, म्हणून लहानपणी तात्यांनी लिंबाखाली बसून तंटणारी आणि शेवटी एकमतानं उठणारी माणसं पाहिली होती. "भांडान उठतं तवा कुनी जिकत न्हाई, सगळी दमत्यात. दमली की शानी व्हत्यात," असं ते म्हणायचे. पण त्यांचं खरं शिक्षण झालं बेचाळीसच्या धामधुमीत, एका कचेरीसमोरच्या रस्त्यावर. पंधरा-सोळा वर्षांचं वय. मेंढरं घेऊन कऱ्हाडकडे चाललेले. समोरून मोर्चा आला. हातात तिरंगा, तोंडात घोषणा, आणि पुढं एक किरकोळ अंगाचे मास्तर. रस्ता अरुंद. मेंढरं मोर्चात शिरली आणि मेंढरांमागं तात्याही शिरले. पुढं पोलिसांची रांग, काठ्या उगारलेल्या. मास्तरांनी मागं वळून पाहिलं तर आपल्याच माणसांत एक पोरगा काठी घेऊन उभा. ते म्हणाले, काठी खाली ठेव.

आता ज्यांना मेंढपाळ ठाऊक आहे त्यांना कळेल की हे मागणं किती अवघड. आमचा माणूस जेवताना काठी मांडीवर ठेवतो, झोपताना उशाशी. तात्या म्हणाले, "मास्तर, मोर्चा तुमचा, पर मेंढरं माजी हायती. काठी टाकली तर वळवायची कशानं?"

"तोंडानं."

"मेंढरं काय तुमची शाळंची पोरं हायती व्हय, सांगून ऐकायला?"

मोर्चात हशा पिकला. मास्तरही हसले म्हणे. पण त्यांनी हात पुढं केला नाही की काठी हिसकावली नाही. नुसते वळले आणि रिकाम्या हातानं पुढं चालू लागले. तात्या पुढं काय घडलं ते सांगताना नेहमी म्हणायचे, "रिकाम्या हाताचा मानूस मागं सरंना, आन् समोरचा काठीवाला घाम पुसतूया. तवा मला कळलं गं, भ्या कुनाला हाय ते." त्यांनी काठी रस्त्याच्या कडेला ठेवली आणि मास्तरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांच्या उजव्या खांद्यावर असा तडाखा बसला की तो हात पुढं कधी खांद्याच्या वर गेला नाही. टोपी घालायची तर मान खाली करून घालायचे. आम्हा लेकरांना वाटायचं तात्या टोपीला नमस्कार करतात.

साताऱ्याच्या तुरुंगात त्यांचे दिवस गेले. तिथं सगळे टकळीवर सूत काढायचे. तात्यांना वाटलं, हे तर आपलंच काम, चालता चालता लोकर कातण्यात आपला जन्म गेला. पण लोकरीच्या ओढीला सवकलेल्या हातात कापूस तुटायचा. रोज तुटायचा. बरोबरचे म्हणायचे, मायाप्पा, तुझ्या धाग्यानं तर पाखराचं घरटंसुद्धा होणार नाही. तिथं ते हात सैल सोडायला शिकले. मी इतिहास शिकवते, तेव्हा मुलांना सांगते की आपल्या जिल्ह्यांत त्या काळी हत्यार धरलेलीही मोठी माणसं होऊन गेली. तात्यांनी त्यांच्याविषयी कधी उणा शब्द काढला नाही. त्यांचं धाडस आपल्यात नाही, म्हणायचे. मात्र तो रस्ता तुम्ही का नाही धरला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, मारल्यावर माणूस संपतो, मग उद्या बोलायचं कुणाशी?

तुरुंगातून आले ते बिनकाठीचे आले. बापानं नवी काठी काढून ठेवली होती, तिला हात लावला नाही. आमच्या भावकीनं त्यांची जी टिंगल केली ती दोन पिढ्या पुरली. बिनकाठीचा धनगर म्हणजे बिनशिंगाचा एडका, असं म्हणायचे. लांडगा आला तर त्याच्यापुढं भाषण करणार का, असं विचारायचे. तात्या शांतपणे म्हणायचे, मग कुत्री कशाला पाळलीत? त्यांनी आवाज घडवला. जिभेनं टिचक्या, घशातून लांब हेल, प्रत्येक वळणाची वेगळी साद. पहिली दोन-तीन वर्षं मेंढरं त्यांना सोडून परक्यांच्या कळपात शिरायची आणि आमचा आजा शिव्या घालत ती परत आणायचा. पण पुढं असं झालं की तात्या पुढं चालायचे आणि कळप मागून यायचा. बाकी सगळे मागून हाकायचे. हे दृश्य मी लहानपणी रोज पाहिलं आहे, त्यामुळे मला बरेच दिवस वाटायचं की सगळीकडे असंच असतं.

स्वातंत्र्यानंतर त्यांना पुढारी व्हायचा आग्रह झाला. ते मेंढरांकडं परतले. पण अन्याय दिसला की मात्र स्वस्थ बसायचे नाहीत, आणि त्यांची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठं ऐकली नाही. गावची विहीर सगळ्यांना खुली करायची वेळ आली तेव्हा आडवा पडला तो माझा आजाच, त्यांचा सख्खा भाऊ. तात्या त्याच्या दारात जाऊन बसले आणि जेवेनात. आमच्याकडं दारातलं माणूस उपाशी उठलं तर घराला बट्टा. आजी रडायला लागली, आजा घरातल्या घरात येरझाऱ्या घालायला लागला, आणि दुसऱ्या दिवशी आपणच दोर घेऊन विहिरीवर गेला, ज्यांना आजवर अडवलं त्यांना बोलवायला. माझ्यावेळीही हेच. चौथी झाल्यावर वडिलांनी मला शाळेतून काढायचं ठरवलं. मेंढरांमागं माणूस कमी पडत होतं. तात्या आले, ओट्यावर बसले. आईनं ताट वाढून आणलं. तात्यांनी ते समोर ठेवून घेतलं आणि नुसतं बघत बसले. वडील चिडले. "आवं तात्या, भाकरी खावा की." तात्या म्हणाले, "खातो की. पोरगी शाळंत जाऊन बसली की खातो." वडिलांनी पायात वहाण सरकवली आणि मला हाताला धरून भर दुपारी शाळेत नेऊन बसवलं. परत येऊन म्हणाले, खावा आता, निवली सगळी. तात्यांनी गार भाकरी मिटक्या मारत खाल्ली. माझी पदवी त्या गार भाकरीवर उभी आहे.

मोठी झाल्यावर मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही सरकारच्या दारात असं उपाशी का बसत नाही? ते म्हणाले, "जो आपल्याव माया करतूया, त्येच्याच दारात उपाशी बसावं. सरकारला कुठली माया? त्येच्या दारात पोटभर खाऊन बसावं. लई दिस बसाय लागतं." हे त्यांनी बोलून दाखवलं, आणि नंतर करूनही दाखवलं. तीच गोष्ट मला मुख्यतः सांगायची आहे.

आमच्या भागासाठी कृष्णेचं पाणी उपसून कालव्यानं आणायचं काम पिढीभर चाललं होतं. शेवटी पाणी डोंगर चढून आलं, पण आमच्या वरच्या गावाशी येऊन थांबलं. आम्ही कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. आमच्या हद्दीतला पाट खोदून, बांधून तयार होता, आणि वर्षानुवर्षं कोरडा. पोरं त्यात क्रिकेट खेळायची. कचेरीत गेलं की एकच उत्तर मिळायचं, वरचे लोक पाणी खाली सोडत नाहीत, आम्ही तरी काय करणार. आणि वरच्या गावाचं म्हणणं, आमच्या उसाला आणि डाळिंबाला पुरलं तर सोडू. तात्या तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात. ते उघड म्हणायचे की पाटाला पाणी बघितल्याशिवाय मी मरत नाही. त्यावर पारावरची मंडळी म्हणायची, म्हणूनच सरकार पाणी सोडत न्हाई, म्हातारा जगावा म्हनून. तात्या सगळ्यांच्या आधी हसायचे. पण मला माहीत होतं, हा विनोद नव्हता. स्वराज्य आलं आणि आपल्या माळाला पाणी आलं नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. आणि तेवढंच लागलं होतं हेही, की ते पाणी भांडून येता कामा नये.

माझा भाऊ धोंडीदादा तेव्हा तापलेला. गावातली दहा-बारा पोरं त्याच्यामागं. त्यांनी ठरवलं, पहार घेऊन जायचं आणि वरच्या गावाच्या हद्दीतलं लोखंडी दार फोडून पाणी खाली घ्यायचं. ही कुणकुण तात्यांना लागली. त्यांनी दादाला बोलावलं. मी सुट्टीत घरी होते, दारातच बसलेली. तात्या ओरडले नाहीत.

"धोंड्या, कृष्णाकाठी जाता-येता आपली मेंढरं कुटं बसत्यात रं?"

"वरच्या गावात. सुभेदाराच्या रानात."

"मग ज्येच्या रानात आपलं मेंढरू बसतं, त्येच्या पाटाव पहार घालायची व्हय? पानी येईल गड्या... पर मग मेंढरं कुटं बसवशील?"

दादाचा राग उतरला नव्हता. मग तुम्हीच सांगा काय करायचं, असं तो तिरसटपणे म्हणाला. तात्या म्हणाले, मेंढरं बसवायची. कुठं? तर कचेरीत.

हा सुभेदार म्हणजे वरच्या गावचे मोठे बागायतदार. फौजेतून निवृत्त झालेले, मिश्यांना पीळ, शब्दाला धार. पाण्याचं दार त्यांच्याच रानाला लागून, आणि ते उघडायचं की नाही हे त्यांच्या शब्दावर. कचेरीतले लोकही त्यांना बिचकून असत.

ठरल्याप्रमाणे आमच्या गावचे झाडून सगळे कळप निघाले. ती कचेरी कुठली हे मी लिहीत नाही. तिथले साहेब आता बदलून गेले आहेत आणि माणूस वाईट नव्हता. आवार मोठं, भिंत पडकी, पुढं थोडी हिरवळ आणि फुलझाडं. घोषणा नाहीत, फलक नाहीत. तात्या सरळ साहेबांच्या टेबलासमोर गेले आणि म्हणाले, साहेब, तुमचं आवार लई रोडावलंय, मेंढरं बसवाय आलोय. साहेब तरुण होते, शहरातले. त्यांना वाटलं हा काही तरी समारंभ आहे. ते बसा म्हणाले. आणि मेंढरं बसली. दुपारपर्यंत आवारात पाय ठेवायला जागा उरली नाही. बायकांनी चुली मांडल्या, भाकरीचा वास कचेरीत शिरला, शिपाई येऊन ठेचा मागून नेऊ लागले. मग साहेबांना कळलं आणि त्यांनी पोलीस बोलावले. हवालदार आला तो उसाच्या पट्ट्यातला, जिथं रानात बसलेलं मेंढरू म्हणजे लक्ष्मी. त्यानं आवारावर नजर टाकली आणि साहेबांना म्हणाला की बसलेली मेंढरं उठवणं त्याच्याकडून व्हायचं नाही, घरी आईला कळलं तर जेवायला वाढायची नाही. साहेबांनी विचारलं, तुम्हाला हवं तरी काय? तात्या म्हणाले, "रान खतावलं की मालक दानं देतू. आमाला दानं नगोत. पानी द्या." साहेबांनी तेच जुनं उत्तर दिलं, वरचे सोडत नाहीत. तात्या म्हणाले, मग आमी बसतो, मेंढराला घाई न्हाई.

कित्येक दिवस असं चाललं; मेंढरं आळीपाळीनं माळावर चरून यायची, आणि काठीच्या धाकानं हिरवळीला तोंड लावायची नाहीत. मी कॉलेजातून एक-दोनदा जाऊन आले, आणि ज्या दिवशी सगळं फिसकटायची वेळ आली त्या दिवशी नेमकी तिथं होते. वरच्या गावात कुणीतरी उठवलं होतं की खालच्यांनी तुमचं पाणी तोडायचा हुकूम काढून घेतला. सकाळी ट्रॉल्या भरून माणसं आली, हातात काठ्या, पुढं सुभेदार. आमची माणसं उठली. आमच्या तर प्रत्येकाच्याच हातात काठी. दादा सगळ्यांच्या पुढं. दोन्ही गावांच्या मधे चुलींच्या राखेएवढं अंतर राहिलं. मला एवढंच दिसत होतं की आता एक जरी काठी पडली, तर खटले उभे राहतील, पाणी वीस वर्षं लांबेल आणि तात्या ते न बघताच जातील.

तात्या मधे आले. सुभेदाराकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आमच्याकडं तोंड करून म्हणाले, "काठ्या खाली."

कुणी हललं नाही. आमच्या भावकीतला एक जण म्हणाला, तात्या, त्येंना सांगा आदी. तात्या म्हणाले, "त्येंच्या काठ्या कालच्या हायत्या रं, आज हायत्या, उद्या ठेवत्याल. तुमची जल्माची हाय. तुमी टाकली तर दिसंल."

पहिली काठी दादानं टाकली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पहार घेऊन निघालेल्या माझ्या भावानं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता, पण काठी तात्यांच्या पायाशी ठेवली. मग दुसरी, तिसरी... बघता बघता कचेरीच्या पायरीशी काठ्यांचा ढीग झाला. वरच्या गावची माणसं अवघडून उभी. रिकाम्या हातांच्या माणसांना मारायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मग तो घोटाळा झाला, जो फक्त आमच्याच माणसांकडून होऊ शकतो. काठ्या टाकल्या खऱ्या, पण तात्यांशिवाय कुणालाही बिनकाठीचा कळप सांभाळता येत नव्हता. माणसांच्या गर्दीनं बिथरलेली मेंढरं उठली. तात्यांची तेवढी त्यांच्या सादेला थांबली, बाकीची सुटली. काही हिरवळीवर, काही फुलझाडांत, काही पायऱ्या चढून थेट कचेरीत. आमची माणसं तात्यांसारखे हेल काढायला लागली, पण मेंढरं कशाला ऐकतात परक्या सुराला? एका टेबलाखाली एडका आणि टेबलावर कारकून, असं दृश्य मी पाहिलं आहे. दादा तर घसा फाटेपर्यंत ओरडत होता आणि त्याच्या आवाजानं मेंढरं आणखी पळत होती. पहिल्यांदा हसले ते सुभेदार. मिश्या थरथरल्या, मग पोट हललं, मग त्यांना राहवेना. हातातली काठी ट्रॉलीत फेकून ते फौजी आवाजात आपल्या माणसांवर ओरडले, "देखते क्या हो? घेरा डालो." आणि वरच्या गावची माणसं, जी आम्हाला मारायला आली होती, ती हात पसरून आमची मेंढरं अडवायला धावली. साहेब सज्जातून बघत होते. दोन गावांनी मिळून एक कळप गोळा केला.

हिरवळ साफ झाली होती. तात्या घाम पुसत साहेबांसमोर गेले आणि म्हणाले, आमच्या जनावरांनी तुमची बाग खाल्ली, गुन्हा माझ्या नावावर लिहा, तुरुंगाची मला सवय आहे.  मग तात्या पहिल्यांदा सुभेदाराकडं वळले.

"सुबेदार, यंदा तुमच्या रानात मेंढरं बसवायची का न्हाई, तेवडं सांगा."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "माझ्या आज्यापासनं बसत्यात. मी कोन न्हाई म्हननारा?"

"मग ती जगली पायजेत न्हवं."

एवढंच.  सुभेदार साहेबांकडं वळले आणि म्हणाले, पाण्याची पाळी बांधा. आधी शेवटच्या टोकाला, मग आमाला. दार मी उघडतो. डिसिप्लिन म्हंजे डिसिप्लिन. साहेब खुर्चीत बसले नव्हते, उभेच होते, आणि मला आठवतं, त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलून उगाचच पुसला.

पुढच्या उन्हाळ्यात पाटाला पाणी आलं. क्रिकेटचे स्टंप वाहून गेले, पोरं त्यांच्यामागं धावली. बायकांनी पाण्याला हळद-कुंकू वाहिलं. तात्यांनी वहाणा काढल्या, पाटात उतरले आणि पाणी घोट्याला लागेपर्यंत उभे राहिले. मला वाटलं आता ते काही तरी मोठं बोलतील. ते म्हणाले, गार हाय. मी पदवी घेतली तेव्हाही तात्या घोंगडी पांघरून सांगलीला आले होते आणि सगळ्या पाहुण्यांत मोठ्यानं म्हणाले होते, पोरगी रोडावली, खाऊ घाला. मोठ्या प्रसंगी ते असेच लहान बोलायचे. त्यानंतर पारावरची मंडळी म्हणू लागली, तात्या, पाणी आलं, आता काय? तात्या म्हणायचे, आता पिऊ की दोन-चार वर्सं. चांगली दहा-बारा वर्षं प्यायले.

आता शेवटचं. तात्या गेले त्या आठवड्यात पाळी वरच्या गावाची होती. आमचा पाट कोरडा. तिसऱ्या दिवशी सावडायचं होतं. रक्षा कृष्णेला न्यायची असं वडीलधाऱ्यांचं मत, पण तात्या सांगून गेले होते की कृष्णाच चालत आपल्या दारात आलीय, तिला भेटायला लांब कशाला जायचं? पण येईल तेव्हा येईल, पाळी मोडू नका. म्हणून आम्ही रक्षा मडक्यात भरून झाडाला टांगायची ठरवली, पाळी येईपर्यंत. मंडळी राखेभोवती बसलेली असतानाच पाटाच्या बाजूनं सळसळ ऐकू आली. वाळलेला पाचोळा पुढं ढकलत, फेस धरत पाणी येत होतं... आम्ही कुणीच मागितलं नव्हतं. वरच्या गावानं भर पाळीत आपल्या रानांकडची सगळी दारं बंद केली होती. ऊस उन्हात उभा ठेवून त्यांनी पाणी खाली सोडलं होतं. मागून सुभेदार आले, आता तेही म्हातारे झालेत, पाटाच्या बांधावरून चालत, टोपी हातात.

रक्षा वाहिली. सगळे पाण्याकडं बघत राहिले. मग दादा उठला. आता गावच्या पाण्याची पाळी तोच बघतो. तो वरच्या हद्दीवरच्या त्या मुख्य दारापाशी गेला आणि खाली येणारं पाणी थांबवायला लोखंडी चाक फिरवू लागला. सुभेदार म्हणाले, असू दे धोंडीबा, आजचा दिवस घ्या. दादा आता त्यांना नाना म्हणतो. तो म्हणाला, "भागलं नाना. तुमचा ऊस तानल्याला असंल." आणि सुभेदारांनी चाकाला दुसऱ्या बाजूनं हात लावला, कारण ते जड आहे, एकट्याला हलत नाही.

तात्यांचं स्मारक करायचं म्हणून परवा काही लोक घरी आले होते. पुतळा की कमान, अशी चर्चा चालली होती. मी त्यांना त्या दारापाशी घेऊन गेले. उगमापासून आमच्यापर्यंत या कालव्यावर जितकी म्हणून दारं आहेत, त्या प्रत्येकाला भलंमोठं कुलूप आहे. आमच्या दाराला कुलूप नाही.